न धरलेले सहा लाख्स

दिनांक : १८ नोव्हेंबर २०२४
मुक्काम : ड्रेस्डेन

प्रति,
मा. श्री. क्रेचमार साहेब,
गेवेसरवार्ट, अर्थात नदी-देखरेख अधिकारी,
स्थानिक मासेमार संघ

मार्फत : सौ. मैथिली अनुप घोलप, संशोधक (अर्जदाराची सून)

विषय : फांगबुखात 'सोडले' म्हणून लिहिलेले, परंतु मुळात न धरलेले सहा लाख्स रद्द होऊन मिळणेबाबत.

संदर्भ : १) संघाचे फांगबुखाविषयीचे नियम, कलम ९
२) पाहुणा परवाना क्र. जी-१७
३) सूनबाईंनी दि. १२ रोजी जेवताना काढलेले उद्गार

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून, मान खाली घालून सादर करण्यात येते की,

१. अर्जदार भास्कर यशवंत घोलप हा महाराष्ट्रातील एका सरकारी कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाला असून, दि. १ सप्टेंबरपासून पत्नी अरुणासह मुलाकडे राहण्यास आला आहे. मुलगा अनुप चिप बनवणाऱ्या कारखान्यात असतो. सून मैथिली ही लाख्स, म्हणजे मराठीत ज्याला सॅमन म्हणतात तो मासा, इथल्या नद्यांत परतू लागला आहे काय, यावर पीएच.डी. करते. "बाबा, समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या मोजत बसण्यापेक्षा नदीवर बसा," असे म्हणून तिनेच आपल्या ओळखीने अर्जदारास पाहुणा परवाना मिळवून दिला. घडल्या प्रकारात तिचा दोष एवढाच.

२. संघाचा नियम असा की, लाख्स गळाला लागलाच तर त्याला पाण्याबाहेर न काढता तत्काळ सोडून द्यावे, फोटो काढण्यात वेळ दवडू नये, आणि पुन्हा गळ टाकण्यापूर्वी तारीख, वेळ, अंदाजे लांबी व पाण्याचे तापमान फांगबुखात, म्हणजे मासेमारीच्या नोंदवहीत लिहावे. थोडक्यात, पुरावा पोहत निघून जातो आणि मागे फक्त लिहिणाऱ्याचा शब्द उरतो. ज्यांनी हा नियम केला त्यांनी अर्जदाराच्या कार्यालयात एक दिवसही काम केलेले नसावे.

३. सदर कार्यालयात अर्जदाराकडे वृक्षलागवडीचे टेबल होते. नोकरीच्या पहिल्या वर्षी 'जगलेली रोपे' या रकान्यात त्याने खरे ते लिहिले : निरंक. त्यावर त्याला खुलासा मागणारी तीन पत्रे आली आणि साहेबांनी सर्वांसमक्ष "घोलप, तुम्ही रोपं खाता काय?" असे विचारले. वास्तविक ती बकऱ्यांनी खाल्ली होती. दुसऱ्या वर्षी अर्जदाराने ब्याऐंशी टक्के रोपे जगवली. खुलासा आला नाही. त्यानंतर एकतीस वर्षे रोपे जगत राहिली.

४. अशा हातात दि. १४ सप्टेंबर रोजी आपले फांगबुख आले. 'सोडलेले लाख्स' हा रकाना रिकामा पाहून अर्जदाराच्या पोटात जुना गोळा आला. परक्या देशात, सुनेच्या शब्दावर मिळालेला परवाना, आणि महिनाअखेर निरंक अहवाल? अर्जदाराने एक लाख्स सोडला. हात मोकळा झाल्यावर ऑक्टोबरअखेरपर्यंत आणखी पाच सोडले.

५. एक गोष्ट मात्र अर्जदार छातीवर हात ठेवून सांगतो की, यातला एकही आकडा मनाने लिहिलेला नाही. तापमान अनुपच्या फोनवरून घेतले. लांबीसाठी घरातील वस्तू टेपने मोजल्या : छत्री (७९ सें.मी.), हीटरवरची फळी (६८), बूट ठेवायचे कपाट (७४), वगैरे. कार्यालयात याला आधारभूत माहिती म्हणत.

६. इथवर प्रकरण अर्जदार आणि छत्री यांच्यातच होते. परंतु दि. १२ रोजी जेवताना सूनबाई एकदम म्हणाल्या, "बाबा, तुमच्या संघात जी-सतरा नंबरचा कुणीतरी देवमाणूस आहे! बाकीचे नुसतं 'एक मोठा' असं खरडतात, कुठला मासा तेही नाही. हा वेळेसकट लिहितो, तापमान अर्ध्या अंशापर्यंत! माझं अख्खं चौथं प्रकरण ह्याच्यावर उभं आहे." फांगबुखाची पाने तिच्याकडे नावाशिवाय, केवळ परवाना क्रमांकाने जातात, आणि अर्जदाराचा क्रमांक तिने कधी पाहिलेला नाही. अर्जदाराने ताकाचा पेला तोंडाला लावला. त्यातले ताक संपल्यावरही बराच वेळ तो खाली ठेवला नाही. पत्नी मात्र सर्व पाहत होती. स्वयंपाकघरात तिने विचारले, "अहो, लाख्स म्हटलं की तुमचे कान का लाल होतात?" अर्जदाराने नळ सोडून भांडी घासावयास घेतली, जी त्याने चाळीस वर्षांत घासली नव्हती. तेव्हा तिला सर्वच समजले.

७. दुसऱ्या दिवशी अर्जदार आपणाकडे आला होता, हे आपणास स्मरत असेल. इंग्रजीतून आडवळणाने त्याने विचारले की, समजा एखाद्याला नोंद रद्द करावयाची असेल तर? आपण अत्यंत प्रेमाने दुरुस्तीचा फॉर्म दाखवला. त्यात 'माशाची सद्यःस्थिती' यापुढे तीनच चौकटी आहेत : नेला, सोडला, मेला. 'नव्हताच' अशी चौकट नाही. अर्जदाराने बोटाने चौथ्या जागी हवेत चौकट काढून दाखवली. आपण हसलात आणि म्हणालात, "हेर घोलप, सोडलेला मासा परत कसा आणणार? वुई ट्रस्ट. गेनाऊ!" (हेर म्हणजे श्रीयुत आणि गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर, एवढे जर्मन अर्जदारास कळते.) आणि आपण त्याचा हात हातात घेऊन जोरात हलवलात. तीन खुलासापत्रांनी झाली नव्हती एवढी लाज अर्जदारास त्या वेळी वाटली. मग आपण त्याला कपाटामागे ठेवलेला फलक दाखवलात. त्यावर निळ्या रंगात मासा असून खाली 'या हंगामात सहा परतले' असे लिहिले आहे. तो येत्या शनिवारी, दि. २३ रोजी पुलावर लागणार, आणि त्या दिवशी बेकरीवाल्या बाई माशाच्या आकाराचे पाव करणार, असेही कळले. सूनबाईंचे चौथे प्रकरण सोमवारी, दि. २५ रोजी प्राध्यापकांकडे जाते. अर्जदार बुधवारी, दि. २७ रोजी विमानात बसतो. अर्जदार गप्प राहिला तर सर्व काही सुरळीत पार पडेल, हे त्याला कळते. तीच त्याची अडचण आहे.

८. या संदर्भात दि. ९ नोव्हेंबरची एक घटना नमूद करणे आवश्यक आहे. सकाळी पावणेनऊच्या सुमारास अर्जदाराच्या गळाला खरोखरच लाख्स लागला. छत्रीपेक्षा मोठा होता. अर्जदार गुडघाभर पाण्यात उतरला, त्याने नियमाप्रमाणे मासा पाण्याबाहेर न काढता गळ सोडवला, आणि तो मासा क्षणभर त्याच्या दोन्ही तळहातांवर तसाच थांबला. एकतीस वर्षांत ज्यांची नोंद केली त्यांतले काहीही अर्जदाराच्या हाताला असे कधी लागलेले नव्हते. मग मासा गेला. अर्जदाराने फांगबुख उघडले, वरच्या सहा नोंदींसारखीच सातवी दिसेल हे ध्यानात आले, आणि मिटून ठेवले. नोव्हेंबरच्या पानावर अर्जदाराने निरंक लिहिले आहे. म्हणजे तेही खोटेच.

९. हे सर्व सूनबाईंना तोंडाने सांगण्याचा अर्जदाराने चार वेळा प्रयत्न केला. चारही वेळा तो हवामानावर बोलून परत आला. अखेर पत्नी म्हणाली, "अहो, तोंडाने जमत नसेल तर अर्ज करा. तेवढं तरी येतं ना तुम्हाला?" अर्जदारास जर्मन येत नसल्याने हा अर्ज भाषांतरासाठी प्रथम सूनबाईंच्याच हाती जाईल, याची त्याला पूर्ण कल्पना आहे. म्हणूनच तो योग्य मार्गाने, त्यांच्या मार्फत सादर केला आहे.

१०. तरी विनंती की,
अ) जी-१७ च्या सहाही नोंदी रद्द कराव्यात;
ब) फलकावरील आकडा पुसण्याची परवानगी मिळावी. निळा रंग व ब्रश अर्जदार स्वतः आणील;
क) पाव मात्र रद्द करू नयेत, त्यांचा काही दोष नाही;
ड) सौ. मैथिली यांना यातले काहीही ठाऊक नव्हते, हे त्यांच्या प्राध्यापकांना लेखी कळवावे.

दि. ९ च्या माशाबाबत अर्जदाराची काहीही मागणी नाही.

आपल्या विश्वासास अपात्र,
(सही)
भास्कर यशवंत घोलप
परवाना क्र. जी-१७

सोबत : १) फांगबुखाची तीन पाने
२) मोजमाप घेतलेल्या वस्तूंची यादी
३) परवाना, परत

मार्फत अधिकाऱ्यांचा शेरा :

वाचले. दोनदा वाचले. भाषांतर करून सोबत जोडले आहे. 'पोटात जुना गोळा' ह्याला जर्मन सापडलं नाही, ते तसंच ठेवलंय. प्राध्यापकांना मी आज स्वतःच फोन करते. चौथं प्रकरण पहिल्यापासून लिहायला घेतलंय, तेव्हा सोमवारपर्यंत मला कुणी हवामान सांगायला येऊ नये.

दि. ९ ची नोंद बाबांनी आजच्या आज करावी. लांबी माहीत नसेल तर 'अंदाजे' लिहावं. छत्री मोजू नये.

— मैथिली