सहभागाचा तक्ता

तीर्थस्वरूप मावशीस,
सादर नमस्कार. (तीर्थरूप फक्त आईवडिलांना लिहितात, गेल्या पत्रातली चूक मागे घेते.) तुझे गुडघे कसे आहेत? उत्तर कितीही सविस्तर आले तरी मी पूर्ण वाचते, हे तुला ठाऊक आहेच.

वाचनालयाच्या तळघरात बुधवारी आणि शनिवारी लोक बिघडलेल्या वस्तू आणतात आणि आम्ही त्या फुकट दुरुस्त करतो. मी पंखे आणि मिक्सर बघते. शेजारी निवृत्त घड्याळजी बसतात. दोन वर्षांत आम्ही एकमेकांशी अवाक्षरही बोललेलो नाही, पण मला बारीक स्क्रूड्रायव्हर हवा असला की तो आधीच माझ्या हाताशी सरकलेला असतो. तर गेल्या महिन्यात तिथे सहभाग-अधिकारी बाई आल्या. ऑटिझम असलेली मोठी माणसे समाजात किती मिसळतात, हे मोजायचा त्यांच्याकडे तक्ता आहे. मी चार पंखे फिरते केले आणि मला शून्य मिळाले, कारण मी कुणाशी बोलले नाही. घड्याळजीही बोलले नव्हते. पण त्यांना ऑटिझम नाही, त्यामुळे त्यांच्या गप्प बसण्याला स्वभाव म्हणतात आणि माझ्या गप्प बसण्याला लक्षण.

मग काल, शनिवारी, मी कंबर कसली. पंखा घेऊन आलेल्या एका बाईंना विचारले, "घरी सगळे कसे आहेत?" (हा प्रश्न तुझाच.) त्यांनी सांगितले. एक तास चाळीस मिनिटे. त्या धाकट्या जावेपर्यंत पोचल्या तेव्हा रांग जिन्यावर गेली होती आणि घड्याळजींनी कानातले यंत्र काढून डबीत ठेवले होते. अधिकारी बाईंचा शेरा: "संभाषण उत्तम, कामाकडे दुर्लक्ष." आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच असावे.

येत्या शनिवारी निकाल आहे. नापास झाले तर मला गप्पा-मंडळात घालणार. तिथे गोल बसून एकमेकांकडे चेंडू टाकायचा आणि आज कसे वाटते ते सांगायचे. मावशी, मला माझी खुर्ची सोडायची नाही. आठवड्यातून दोनदा मी तिथे माणसांत असते आणि मला बरे वाटते. बाकी सर्व क्षेम.

तुझी भाची

ता. क. शनिवारी अकराला मिक्सर घेऊन ये. बिघडलेला नसला तरी चालेल. तू बोलत राहा. तुझ्यासमोर बसणाऱ्याला तोंड उघडावेच लागत नाही, आणि लांबून ते संभाषणच दिसते. माझे हात मोकळे राहतील.

आणखी एक ता. क. पत्र बुधवारपर्यंत पर्समध्येच राहिले. आज घड्याळजींनी अधिकारी बाईंच्या फायलीतून एक कोरा तक्ता काढला, वर स्वतःचे नाव घातले, गुणांच्या प्रत्येक रकान्यात शून्य भरले आणि तो माझ्या तक्त्याला टाचणीने जोडून ठेवला. तू तरीही ये. शेवटचा रकाना असा आहे: "यांना पुढे कुठे बसवावे?" तिथे त्यांनी लिहिले आहे, "आहे तिथेच. हिच्या शेजारी."