वाक्य तरी पूर्ण होऊ द्या

ती. अक्का,

लांबूनच, पण वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावोजींचा खोकला उतरला का? आम्ही दोघं सुखरूप परतलो आहोत, फक्त भूक अजून भलत्याच वेळी लागते.

भाचीला दोन्हीकडून बोलावणं आलंय, तर विज्ञान शिकायला अमेरिका बरी की युरोप, हे आमच्या पोरांकडे पाहून सांग, असं तू म्हणाली होतीस. अक्का, मी जन्मभर चष्म्याचं दुकान चालवलं (लोकांना नीट दिसावं, एवढीच माझी विद्या), पण या वेळी माझेच डोळे दिपले. आपली थोरली अमेरिकेत पदवीनंतर थेट डॉक्टरेटला लागली. लागली म्हणजे काय, तर पुन्हा वर्ग, पुन्हा परीक्षा, वर नव्या पोरांना शिकवायचं. मग दोन-तीन प्रयोगशाळांत थोडे थोडे दिवस राहून गुरू निवडायचा (स्थळसुद्धा आपण इतकं पारखत नाही). पाच-सहा वर्षं सहज जातात. कधी संपणार असं विचारलं की पोरगी खिडकीबाहेर बघते. तिच्या प्रयोगशाळेत हाफपँट घातलेला एक इसम बेसिनखाली आडवा होऊन पाइप आवळत होता. मी त्याला माझ्या इंग्रजीत सांगितलं, की पलीकडचा नळही गळतोय. त्यानं तोही दुरुस्त केला. हात पुसून उठला तेव्हा कळलं, हेच तिचे गुरू! सगळी पोरं त्यांना नावानं हाक मारतात. मला रात्रभर झोप नाही.

धाकट्याचं युरोपात सगळं उलटं. आधी मास्टर्स, मग डॉक्टरेटची जागा नोकरीसारखी अर्ज करून मिळवायची. पगार, हक्काची रजा, विषय बहुतेक ठरलेला (याचा, सुकून झोपलेलं शेवाळ), चारेक वर्षांत मोकळा. (देशादेशांत फरक असतो म्हणे, मी आपला एकच पाहिला.) संध्याकाळी उशिरा दिवा दिसला, तर त्याच्या गुरू बाई काळजीनं विचारतात, घरी काही बिघडलंय का? मला वाटलं, मजा आहे लेकाची. मग त्याच्या शेवटच्या परीक्षेचा दिवस उजाडला.

उंच छताचं सभागृह, काळ्या झग्यांतले परीक्षक, आणि सगळ्यांदेखत तोंडी परीक्षा. आम्ही पुढच्याच रांगेत. सगळ्यांत म्हाताऱ्या परीक्षकांनी विचारलं, एक शेवाळ जागं झालं, की शेजारचं कशामुळे जागं होतं? धाकटा म्हणाला, "मला वाटतं..." आणि दार उघडून झग्यातल्या एक बाई आत आल्या. हातात उंच काठी. ती त्यांनी फरशीवर आपटली. धाकटा तिथल्या तिथे गप्प! अक्का, चार वर्षं बुडाली, असंच वाटलं. मी उठलो, हात जोडले आणि चक्क मराठीत म्हणालो, "अहो, त्याचं वाक्य तरी पूर्ण होऊ द्या."

सगळे झगे आमच्याकडे वळले. धाकटा हळूच म्हणाला, "बसा, वेळ संपली की असंच थांबवतात." पण त्या म्हाताऱ्या परीक्षकांनी त्याच्याकडून मराठीचा अर्थ विचारून घेतला. परीक्षक आत जाऊन परत आले, पोराला पदवी दिली, आणि मग ते म्हातारे म्हणाले, आता वाक्य पूर्ण कर, घरची माणसं खोळंबलीत. धाकटा म्हणाला, "मला वाटतं, हे अजून कुणालाच माहीत नाही." आणि अक्का, सगळे झगे खूश होऊन माना डोलवू लागले! आमच्या वेळी या उत्तराला छडी मिळायची.

तेव्हा भाचीला कुठंही पाठव. विषय अजून चाचपायचा असेल तर अमेरिका, मनाशी पक्का असेल तर युरोप. भावोजींना नमस्कार.

तुझा भाऊ

ता. क. पोरीची घडी बसवायला सोबत वडीलधारं कुणी हवंच. आम्ही बॅगा अजून माळ्यावर टाकलेल्या नाहीत.

ता. क. दुसरा (माझ्या अक्षरात). वन्सं, पाकीट मी चिकटवतेय म्हणून वाचलं. सभागृहात उभी मी राहिले होते. हे माझी बाही ओढून खाली बसवत होते. सोबत पाठवायचं झालं, तर मला एकटीलाच पाठवा.