राशीत दाणे किती?

प्रिय अहो,

नावानं हाक कधी मारली नाही, आता काय मारणार! आज दुपारी इराशी बोलले. तुम्ही तिला दिलेला शब्द पुरा झाला. तुम्हाला कळवल्याशिवाय चैन पडेना, म्हणून लिहायला बसले.

आठवतं ना? गेल्या दिवाळीत लेक नातीला घेऊन ओसाकाहून आसगावला आली होती. तुम्ही खळ्यावर धान मोजत होतात. मापाचा पहिला कुडो भरून पोत्यात ओतताना आपल्याकडच्या रीतीप्रमाणे 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणालात. मग दोन, तीन. इरानं तिच्या तोडक्या मराठीत विचारलं, "आजोबा, यात दाणे किती?"

"पुढच्या सालचं धान येऊ दे माय, मोजून सांगतो तुले. जपानीत सांगतो!"

जपानीत! असं कबूल करायचं असतं का हो? पुढचं धान तर तुम्ही पाहिलंच नाही.

तुम्ही गेल्यावर इरा फोनवर येईना. तुमची बोली तिला कळत नसे, तिची तुम्हाला. तरी काय हसणं चालायचं दोघांचं! माझ्याशी मात्र "आजी, बरी आहेस?" एवढंच, की गेली खोलीत. पोर आपल्या हातून सुटतंय, अशी धास्तीच बसली मला.

म्हणून जपानी शिकू लागले, मोबाईलवर, नागपूरच्या एका मुलीकडे. दहापर्यंत सोपं गेलं. पुढे मात्र घाम फुटला. त्यांच्याकडे लाख नाहीच! दहा हजारांचा एक 'मान', आणि लाख म्हणजे दहा मान. कॉन्व्हेंटात सिस्टरनी तीन-तीन शून्यांचं मिलियन घोटून घेतलं, घरात लाख-कोटी, आणि आता या वयात ही चार-चार शून्यं! तुम्ही असता तर म्हणाला असता, "काहून डोकं फोडून राहिली वं? कुडोनं मोज ना!"

तसंच केलं. यंदा भाऊजींनी रास मोजली. मी एका वाटीतले दाणे मोजले, किती वाट्यांनी कुडो भरतो ते पाहिलं, बाकी गुणाकार. भाऊजी हसले, "वहिनी, धान खासाठी असते का दाणे मोजासाठी?"

दहा कोटींच्या आसपास आले. दहा कोटी म्हणजे त्यांचा एक 'ओकु'.

आज खळ्यावरूनच व्हिडिओ फोन लावला. लेकीला म्हटलं, इराला बोलाव, आजोबांचा निरोप आहे. ती आली. मी रास दाखवली आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "लाभ ओकु!"

एकाला जपानीत 'इची' म्हणतात. किती घोकलं होतं! पण धानाकडे पाहिलं आणि तोंडून तुमचंच निघालं.

"अगं आई, इची ओकु!" लेक म्हणाली.

"नाही," इरा तिच्यावर डाफरली. "आजोबांचा लाभ!" आणि एकेक बोट उघडत मोजू लागली, "लाभ, नि, सान..." मी म्हटलं, "योन, गो..." दहापर्यंत दोघी गेलो. खोलीत पळायचं विसरली की हो ती!

फोन ठेवताना म्हणाली, "आजी, उद्या पण."

आता माझा शब्द घ्या. इरा पुन्हा येईल तेव्हा तुमचा कुडो तिच्या हाती देईन. लाभ तीच म्हणेल. पुढचे आकडे तिच्या भाषेत मोजले तरी चालतील ना तुम्हाला?

तुमचीच,
सुमन