घोटीच्या गिरणीतला सर्व्हर

नाशिक,
कोजागिरीचा दुसरा दिवस

श्रीयुत साडूभाऊ ललितराव यांच्या सेवेशी,

थोरल्या जावयाचा धाकट्या जावयाला नमस्कार पोचावा. (मानानं खरं तर तुम्ही आधी करायचा, पण पगार तुमचा मोठा, म्हणून सुरुवात मी करतो.) तुमची मान आता कशी आहे? दिवसभर स्क्रीनकडे बघून ती एका बाजूला आखडते, असं मोहिनी मागे सांगत होती. शेक घ्या. मोहिनीचा गुडघा आणि चिरंजीवांचा चष्मा ठीक असतील अशी आशा करतो. इकडे आम्ही खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. माझी कंबर धरली आहे, तिची हकीकत पुढे येईल. हे सगळं मोबाइलवर कळवता आलं असतं, पण माझा मोबाइल सध्या सविताकडे असतो (तिचा बिघडलाय, असं ती सांगते). शिवाय काही गोष्टी घरच्या ग्रुपवर टाकण्यासारख्या नसतात. तिथे नाना चष्मा लावून दिवसभर बसलेले असतात. गेले तीन दिवस आडवा पडून हे पत्र लिहितोय, तेव्हा अक्षराकडे बघू नका.

तुम्हाला ठाऊक असलेलंच आधी सांगतो, कारण ते तुमच्या बाजूनं वेगळं दिसत असणार. आपल्या दोघांच्या सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, यंदा गणपतीत जाहीर केलं की दिवाळीच्या पाडव्याला भातगिरणीचा कारभार घरातल्याच कुणाच्या तरी हाती देऊन आपण मोकळे होणार. उमेदवार दोन. एक मी, जो इतकी वर्षं रोज नाशिकहून घोटीला जाऊन तूस खातोय. दुसरे तुम्ही, ज्यांनी गिरणीत आजवर फक्त फोटो काढले. पण त्याच दिवशी मोदक खाता खाता तुम्ही म्हणालात, नाना, एक सर्व्हर घ्या, काटा, पावत्या, गोदाम, सगळं एका जागी येईल; आणि नानांच्या डोळ्यांत जे पाणी आलं ते मला कधी काढता आलं नाही. (ताटात मिरचीची भजीही होती, पण पाणी तुमच्या नावावर जमा झालं.) मी तिथेच ठरवलं की कल्पना भले तुमची असेल, सर्व्हर बसवणार मी.

मग तुमचा तो लांबलचक मेसेज आला. सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम दिसायला साध्या कॉम्प्युटरसारखी असली तरी आतून वेगळी असते. गिरणीत चालणारं एकेक सॉफ्टवेअर ह्या सिस्टिमवर चालतं का, ते बनवणाऱ्याला विचारा. प्रिंटर, वायरी, डोंगल, सगळं जोडून बघा. आठ दिवस बाजूला ठेवून चालवा. आणि तोवर जुन्या कॉम्प्युटरला हात लावू नका. ललितराव, राग मानू नका, पण हा माणूस गिरणीत सर्व्हर बसवतोय की धरण बांधतोय, असं मला वाटलं. आम्ही ट्रॅक्टर घेताना टायरला लाथ मारून बघतो आणि सही करतो. आठ दिवस तपासत बसलो असतो तर दसरा हुकला असता, आणि दसऱ्याचा मुहूर्त तर साऱ्या घोटीला आधीच सांगून झाला होता. (कुणी सांगितला, ह्याच्या खोलात शिरण्यात अर्थ नाही.)

तरी मी तपासणी केलीच नाही असं कुणी म्हणू नये. गाडी काट्यावर चढली की तिचं वजन पडद्यावर दाखवून पावती काढणारं आपलं सॉफ्टवेअर सिन्नरच्या मयूर नावाच्या पोरानं लिहिलेलं आहे. त्याला शोधत सिन्नरला गेलो, तर त्यानं तो धंदा सोडून रस्त्याकडेला मिसळीचं हॉटेल टाकलेलं. गर्दी एवढी, की माझा प्रश्न ऐकून घ्यायला त्याला वेळ मिळावा म्हणून मला दोन प्लेट खाव्या लागल्या. (धंदा का सोडला विचारलं तर म्हणाला, मिसळ बिघडली तर गिऱ्हाईक मला घरी फोन करत नाही.) मी सर्व्हरचं नाव सांगितलं, सिस्टिमचं नाव सांगितलं, तो तर्री वाढत होता. चालायला पाहिजे, असं म्हणाला. मी ते तुमच्या यादीतल्या पहिल्या कलमापुढे मंजूर म्हणून धरलं आणि पोटभर समाधानानं परतलो.

दुसरी तपासणी नईमभाईंकडे केली. सर्व्हर त्यांच्याच दुकानातून घेतला. हा माणूस नाही हा शब्द शिकलेलाच नाही. प्रिंटर लागेल? लग जाएगा. काट्याची वायर बसेल? बैठ जाएगी. पावतीवर मराठी अक्षरं येतील? क्यूं नहीं आएंगी. शेवटी मी त्यांची परीक्षा घ्यावी म्हणून विचारलं की ह्या यंत्रातून भात सडून तांदूळ निघेल का, तर म्हणाले, थोडा टाइम दो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जुना कॉम्प्युटर त्यांनी बदल्यात घेऊन जावा असंही ठरलं. एवढी चोख व्यवस्था तुमच्या पुण्यातल्या कंपनीत तरी होते का ते एकदा कळवा. सर्व्हर गिरणीत आला तेव्हा तो उतरवण्याचा मान थोरल्या जावयाचाच, म्हणून मी तो एकट्यानं उचलला. कंबर गेली ती तेव्हा.

दसऱ्याला माईंनी पूजा मांडली. (सासूबाईंचं पूजेचं तुम्हाला माहीत आहेच, मागे तुमचा लॅपटॉप दोन दिवस हळदीत बसला होता.) नवा सर्व्हर पाटावर, त्याला झेंडूचा एवढा हार की हवा आत जायला जागा उरली नाही आणि आतला पंखा रागावल्यासारखा घोंघावू लागला. शेजारच्या पाटावर जुना कॉम्प्युटर, कारण इतकी वर्षं राबलेल्याला दसऱ्याला बसवायचं नाही तर केव्हा. आणि पूजेत बसलेल्या वस्तूला त्या दिवशी काम सांगायचं नाही, दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत ती जागची हलवायची नाही, हा माईंचा कायदा. नव्याचा शुभारंभच असल्यामुळे त्याला तेवढी सूट मिळाली, जुन्याला नाही. त्या जुन्याच्या पाठीत, हाराच्या मागे, बोटाच्या पेराएवढं डोंगल खुपसलेलं होतं. ते असलं तरच मयूरचं सॉफ्टवेअर खरं वजन दाखवतं. मी ते रोज बघत होतो. मला वाटायचं ते माउसचं आहे.

मुहूर्ताचं पहिलं गिऱ्हाईक म्हणून बुधाला बोलावलं होतं. बुधा वरच्या पाड्यावरचा. लवकर पिकणारं हळवं भात घेऊन दर वर्षी तोच पहिला येतो, कारण लगेच त्याला बायकोसह निफाडकडे द्राक्षांच्या छाटणीला निघायचं असतं. त्याची पिकअप काट्यावर चढली, नानांनी नारळ फोडला, मी बटण दाबलं, सॉफ्टवेअर उघडलं, टाळ्या पडल्या. वजन आलं बेचाळीस क्विंटल. पिकअप अर्धी रिकामी होती, पण बुधा खूश झाला आणि म्हणाला, लिव्हा की मंग तेवढंच. पावतीवर त्याच्या नावाच्या जागी चार चौकोन आणि एक प्रश्नचिन्ह उमटलं. मग नेहमीप्रमाणे पोती उतरवून रिकामी गाडी परत काट्यावर घेतली. बेचाळीस क्विंटल. भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा केली की भाताचं वजन निघतं हे तुम्हाला सांगायला नको. बुधाचं भात शून्य निघालं. समोर पोत्यांची थप्पी, पावतीवर शून्य. बुधा म्हणाला, दादा, भात हितं हाय, तुमच्या मशिनीला दिसत नाय व्हय? नाना माझ्याकडे बघत होते आणि मी सर्व्हरकडे बघत होतो.

एवढ्यात तुमच्या थोरल्या मेव्हणीबाई, म्हणजे आमची सविता, नैवेद्याचं ताट घेऊन स्कूटीवरून काट्यावरून गेल्या. बेचाळीस क्विंटल. हे मी मोठ्यानं वाचायला नको होतं. त्यानंतर फाटकाबाहेरची माणसं हौसेनं काट्यावर चढून आपापलं वजन बघू लागली, एकानं तर शेळी आणली, आणि आपल्या गिरणीचं नाव संध्याकाळच्या आत इगतपुरीपर्यंत गेलं. मयूर काही फोन उचलेना. सणाच्या दिवशी मिसळीला उसंत नसते. बुधाचं भात शेवटी सवितानं गोदामातला जुना हातकाटा काढून पोतं न पोतं मोजलं आणि त्याला वेळेत वाटेला लावलं. तेवढ्यापुरतं तिचं कौतुक करायला माझी हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली आणि नईमभाईंची गाडी आली. मी आदल्या दिवसाच्या संतापात होतो. ह्या जुन्यामुळेच नव्याला नीट काम करता येत नाहीये, असं माझ्या डोक्यात बसलं होतं, म्हणून हारासकट तो गाडीत चढवायला लावला आणि आत येऊन चहा मागितला. चहा संपेपर्यंत मयूरचा फोन लागला. डोंगल सापडलं नाही की माझं सॉफ्टवेअर स्वतःला नमुन्याची प्रत समजतं, म्हणाला, आणि नमुन्यात शोभेपुरता एकच आकडा ठेवलेला असतो. बेचाळीसच का, तर कॉलेजात त्याचा तो रोल नंबर होता. बरं, डोंगल नव्यात खोचलं तर? तर म्हणाला, दादा, ते सर्व्हरच्या सिस्टिमला कळणारच नाही, मी फक्त जुनीसाठी केलंय, तुम्ही आधी विचारायचं ना. मी दोन प्लेट मिसळ खाऊन विचारलं होतं, हे त्याला आठवत नव्हतं. लगेच नईमभाईंना फोन केला. साहब, वो तो मालेगाव भंगार में निकल गया. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसानं मला नाही म्हटलं.

नाना रागावले नाहीत, आणि ह्याचीच मला जास्त धास्ती आहे. जावईबापू, कंबर धरलीय, चार दिवस घरी पडा, असं मायेनं म्हणाले आणि गोदामाकडे निघून गेले. तेव्हापासून मी इथे छताकडे बघतोय. काटा बंद, गाड्या फाटकाशी खोळंबलेल्या, माझ्यावाचून सगळं ठप्प, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. सविता रोज सकाळच्या एसटीनं घोटीला जाते, माईंना सोबत म्हणून. संध्याकाळी येते ती केसांत तूस घेऊन, आणि जेवताना अवाक्षर बोलत नाही; वडिलांचे हाल बघवत नसणार. कालची कोजागिरीही तिनं तिकडेच केली. मी एकटा दूध प्यालो.

आता ह्या सगळ्याचं मूळ शोधायचं झालं तर ते तुमच्या मेसेजात आहे. एवढा लांब मेसेज कुणी शेवटपर्यंत वाचत नाही, हे तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाला कळायला हवं होतं. असो. मोठा म्हणून मी तुम्हाला माफ केलं आहे. चिरंजीवांना आशीर्वाद, मोहिनीला गुडघ्याला तीळतेल लावायला सांगा.

तुमचा हितचिंतक,
दत्तात्रय

ता. क. शनिवारी घोटीला या. दिवाळीचे तांदूळ न्यायला आलो म्हणा. नानांसमोर सहज बोलता बोलता सांगायचं की सगळी तपासणी तुम्हीच केली होती, हिरवा कंदील तुम्हीच दिला होता आणि दत्तूभाऊंनी फक्त तुमचा शब्द मानला. तुमचं ह्यात काय जातं? तुम्हाला पुण्यात गोल फिरणारी खुर्ची आहे. गिरणीतल्या त्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे, पण मला ती हवी आहे, ललितराव, फार हवी आहे. वर्षभराचा इंद्रायणी तुमच्या घरी पोचवीन.

पुन्हा ता. क. एवढं जमत नसेल तर निदान तो मेसेज तुमच्या फोनमधून पुसून टाका. मी माझ्यातून त्याच दिवशी पुसला.

आणखी एक ता. क. (हे अक्षर सविताचं.) ललितराव, पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय, आणि उघडंच दिलंय, कारण डिंक कुठे असतो हे ह्यांना माहीत नाही. तुमचा मेसेज मोहिनीनं मला गणपतीनंतर लगेच पाठवला होता. मी शेवटपर्यंत वाचला. म्हणून नईमभाईंची गाडी फाटकातून बाहेर पडायच्या आत जुना कॉम्प्युटर उतरवून घेतला आणि साहेबांनी विचारलं तर भंगारात गेला म्हणा, असं त्यांना सांगितलं. काटा त्याच दुपारपासून चालू आहे आणि फाटकाशी एकही गाडी खोळंबलेली नाही. नाना रोज विचारतात, जावईबापू काय करतात. पत्र लिहितायत म्हटलं, तर म्हणाले, लिहू दे, तेवढा वेळ कशाला हात लावत नाहीत. शनिवारी जरूर या, सर्व्हरचं काय करायचं ते बसून ठरवू; दोष घ्यायची गरज नाही. काल कोजागिरीचं दूध पिता पिता नानांनी गिरणीच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. इतके मन लावून लिहीत होते, म्हटलं, आधी पत्र पुरं होऊ दे.