फ्रिजवरची रिकामी जागा

सोमवार, २६ ऑगस्ट
फ्रिजवर अजून ड्वेनचा फोटो आहे. मागच्या वर्षीचा. ड्वेन, त्याचा नव्वद पौंडी ट्यूना आणि त्याचे ते दात. फ्रिज माझा, घर माझं, पण दूध काढायचं तर आधी मेहुण्याचं दर्शन. जोलीनला म्हटलं, आता पुरे झालं, काढ तो. म्हणाली, माझा भाऊ आहे तो. तू पकड मोठा मासा, तुझा लावते.
शब्द दिलाय तिने. २२ सप्टेंबरला सॅन डिएगोहून बोट आहे. पाच दिवस खुल्या समुद्रात. ड्वेनही येतोय. येऊ दे.

गुरुवार, २९ ऑगस्ट
ड्वेनला फोन. सहज विचारलं, मासेमारीचे किती रॉड नेणार? चार, म्हणाला. मी नऊ न्यायचं ठरवलं. यात जळण्याचा काही प्रश्न नाही. समुद्रात काहीही होऊ शकतं.
तो म्हणाला, एल्डन, लेका, मग माणसं कुठे उभी करायची? आणि खूप वेळ हसला. पोटात दुखलं की माणसं असंच हसतात.

शनिवार, ३१ ऑगस्ट
रॉडवर लावायची रिळं घेतली. दुकानदाराने विचारलं, मागच्या ट्रिपला काय वापरलं होतं? म्हटलं, वेगवेगळं. (बोटीवरचा एक जुना रॉड. तोही फारसा नाही. बराच वेळ आडवा होतो. बोट हलत होती.)
बॅगही घेतली. ड्वेनची आहे तशीच, राखाडी. नक्कल नव्हे. चांगली वस्तू ती चांगलीच. निळाही रंग होता दुकानात, पण तो मला आवडला नाही.

मंगळवार, १० सप्टेंबर
रॉड न्यायला लोक तयार नळकांडं विकत घेतात. ड्वेनने घेतलंय. मी स्वतः बनवलं. नऊ फुटी प्लास्टिकचा पाइप. इमारती तपासण्यात आयुष्य गेलं, पाइप मला कोणी शिकवू नये. एका टोकाचं झाकण कायमचं चिकटवलं, दुसरं फिरकीचं. आत रॉड हलू नयेत म्हणून जोलीनचे चांगले टॉवेल ठासून भरले. तिने विचारलं टॉवेल कुठे गेले. धुवायला, म्हटलं.
उद्यापासून रोज सकाळी पंचवीस जोर. मोठा मासा ओढायचा तर दंडात ताकद हवी.

शुक्रवार, २० सप्टेंबर
जोर राहिले. पण सामान उचलण्यात तोच व्यायाम होतो.
संध्याकाळी ड्वेनचा फोटो काढून ड्रॉवरमध्ये ठेवला. फ्रिज किती मोकळा वाटतो! मॅग्नेट तिथेच ठेवलंय. जोलीनने पाहिलं, दूध काढलं आणि फ्रिज बंद केला.

शनिवार, २१ सप्टेंबर
टूसॉनहून निघालो. ड्वेनचा पिकअप. माझा पाइप मागून बाहेर आलेला, त्याला लाल फडकं बांधलं. ड्वेन वाटभर गात होता. एका पंपावर कुणीतरी त्याच्या रॉडचं तोंड भरून कौतुक केलं, आणि मग मला विचारलं, गटाराचं काम कुठे निघालंय?
बोटीवर केळं आणलं की मासा लागत नाही, असं ही सगळी मंडळी मानतात. मी मानत नाही. ड्वेन मानतो. सकाळी केळ्याचा केकसुद्धा त्याने बाजूला सारला. वाटेत यूमा गावाला तो पंपावर आत गेला तेव्हा मी त्याच्या बॅगेच्या तळाशी एक केळं ठेवलं. समज खोटा असेल तर त्याचं काही बिघडत नाही. खरा असेल तर ते एकदाचं कळेल. शास्त्रीय दृष्टीने हे आवश्यकच होतं.

रविवार, २२ सप्टेंबर
बंदराचा धक्का. सगळ्यांचे रॉड बोटीवर चढले. माझं फिरकीचं झाकण उन्हाने घट्ट बसलेलं. कॅप्टन सिल्वेरा करवत घेऊन आला. म्हणाला, साहेब, रॉडची टोकं कुठल्या बाजूला आहेत, नीट आठवा. मी ठामपणे सांगितलं, इकडे मुठी आहेत, बिनधास्त काप.
मुठी तिकडे होत्या.
नऊच्या नऊ टोकं कापली जाऊन, टॉवेलमध्ये गुंडाळलेली बाहेर आली. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. ड्वेनने न विचारता आपला एक रॉड माझ्या हातात दिला. हसलासुद्धा नाही. चारचौघांत माणसाला खाली बघायला लावण्याची ही त्याची पद्धत.

मंगळवार, २४ सप्टेंबर
मासा नाही. ड्वेनला नाही. प्रयोग यशस्वी!
कुणालाच नाही. याचा विचार झाला नव्हता.

बुधवार, २५ सप्टेंबर
कॅप्टनला वास आला. सगळ्यांना डेकवर उभं करून बॅगा उघडल्या. एका बॅगेत, अगदी तळाशी, नव्या कोऱ्या गळांवर, काळं पडलेलं केळं. बॅग माझी. यात बॅग बनवणाऱ्यांची चूक आहे. दोन सारख्या बॅगांवर त्यांनी काहीतरी खूण ठेवायला हवी.
कॅप्टन गरजला, दोन दिवस आमचे हात रिकामे आणि तू इथे फळफळावळ घेऊन बसलायस? मी काही बोलायच्या आत ड्वेन म्हणाला, जाऊ द्या कॅप्टन, त्याच्या पायात गोळे येतात, केळ्याने आराम पडतो. माझ्या पायात कधीच गोळे आलेले नाहीत.
कॅप्टनची शिक्षा: केळं स्वतःच्या हाताने फेकायचं आणि समुद्राची माफी मागायची. मागितली. मागच्यांना ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा मागितली.
लगेचच सगळीकडे मासे लागले. मलाही लागला. सुटला. ड्वेनचा एकशे ब्याऐंशी पौंड भरला. फोटोसाठी शेपूट धरायला मीच मोकळा होतो. इथे कोण वाचतंय, म्हणून लिहितो: असा जळलो की बोट हलते आहे हेही विसरलो.

शनिवार, २८ सप्टेंबर
परत. यूमाला ड्वेन पंपावर आत गेला आणि दोन केळी घेऊन आला. एक मला दिलं. पायासाठी, म्हणाला. पुढे टूसॉनपर्यंत गात होता. मी केळं खाल्लं. दुसरं काय करणार?

रविवार, २९ सप्टेंबर
पुढच्या वर्षी बारा रॉड. पाइपवर बाण काढायचा.
रात्री जेवायला ट्यूना. ड्वेनने अर्धा मासा आम्हाला दिला. बरा होता. दोनदा वाढून घेतला.
फ्रिजवर नवा फोटो. आधीच्या दुप्पट. ड्वेन, मासा, दात. कडेला शेपटीवर एक हात, मनगटापर्यंत. जोलीनने अंगठीवरून ओळखला. म्हणाली, शब्द दिला होता ना, बघ, तुझाही फोटो लावला.
मॅग्नेट तिने नेमकं त्या हातावर लावलंय.