चित्रांपुरता उजेड

२ नोव्हेंबर, रविवार

आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार. खाडा नाही.

कारण : मोठं काम हातात घेतलं आहे, आणि मोठ्या कामाचं रेकॉर्ड असलं पाहिजे. ऑफिसात जन्मभर हेच सांगत आलो. ऐकलं कुणी नाही, तो भाग वेगळा.

सकाळी इस्त्री शोधायला माळ्यावर चढलो. इस्त्री नाही मिळाली (ही घेऊन गेली असणार). मिळाला एक भला मोठा पुठ्ठ्याचा फोल्डर. आत हिची चित्रं. वॉटरकलर. ही चित्रं काढते हे माहीत होतं, नाही असं नाही. पण इतकी? आणि बरी आहेत की! एकदोन तर अशी, की दुसऱ्या कुणाची असती तर मी कौतुक केलं असतं.

ही सध्या धाकट्या बहिणीकडे आहे. चेंज म्हणून. उन्हाळ्यापासून.

परवा फोनवर म्हणाली, तेवीस तारखेला येऊन सामान नेते. आता सामान म्हणजे काय? थंडी सुरू झाली, स्वेटर-बिटर. खरं तर निमित्त. 'परत येते' असं सरळ म्हणेल तर ती ही कसली! इतकी वर्षं संसार केलाय, एवढं मला कळतं.

तेव्हा संकल्प : तेवीसच्या आत सगळी चित्रं फ्रेम करून हॉलच्या भिंतीवर, आणि प्रत्येक चित्रावर खास त्याचा लाइट. आर्ट गॅलरीत असतो तसा. दार उघडलं की ही थक्क. पिशवी जागच्या जागी खाली.

लेकीला फोन करून सांगितलं. तिने विचारलं, बाबा, आईला विचारलंत का? म्हटलं, सरप्राइज विचारून देतात का? तिला मीटिंग होती.

४ नोव्हेंबर, मंगळवार

काल खाडा. पाठ धरली होती. माळ्यामुळे. खाडा धरायचा नाही.

आज लाइटच्या दुकानात. सेल्समनने विचारलं, चित्रं तैलरंगातली की वॉटरकलर, काच आहे का, भिंत केवढी, वॉर्म लाइट हवा की कूल. मी त्याला शांतपणे सांगितलं की रिटायर होईपर्यंत मी ऑफिसच्या वीज बचत समितीचा अध्यक्ष होतो. तो म्हणाला, अरे वा. मग काही विचारलंच नाही. माणसं ओळखतो.

कूल व्हाइट घेतले. कमी विजेत लख्ख उजेड. हिशेबच आहे सरळ.

संध्याकाळी : एक दिवा टेबललॅम्पला लावून सूर्यास्ताच्या चित्रावर धरून पाहिला. सूर्याला कावीळ झाल्यासारखी दिसते. समुद्र फिनाइलचा. बहुतेक चित्रातच काहीतरी कमी आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

दिवे बदलून आणले. वॉर्म. चित्रात काही कमी नव्हतं.

सेल्समन म्हणाला, काल तो हेच सांगणार होता. मग सांगायचं होतं ना! लोकांना जबाबदारी म्हणून घ्यायला नको.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

फ्रेमवाल्याकडे. चित्रं एकेक करून नीट पाहिली, पहिल्यांदाच. दोन विशेष नोंदी.

एक. एक मोठा कागद आहे, त्यावर नुसते रंगाचे ठिपके आणि फराटे. विषय नाही, आकार नाही. मॉडर्न. ही एवढी खोल आहे हे मला कधी बोलली नाही. फ्रेमवाल्याने विचारलं, वरची बाजू कुठली? म्हटलं, अशा चित्राला वर-खाली नसतं. तो म्हणाला, साहेब, तुम्हाला नजर आहे, आणि सगळ्यात रुंद सोनेरी फ्रेम काढली. घेतली.

दोन. आमच्या स्वयंपाकघराचं चित्र. टेबल, किटली, रंगाची वाटी, खिडकीबाहेर अंधार. उजव्या कडेला दाराची चौकट, लाइटचं बटण, आणि बटणावर एक हात. फक्त हात. मनगटावर चौकोनी घड्याळ. माझं! म्हणजे मी! हिने माझं चित्र काढलं आणि मला सांगितलंसुद्धा नाही. घरी आणताना रस्त्यात दोनदा थांबून पाहिलं. हे मधोमध लावणार.

ऑफिसचं 'उत्कृष्ट वीज बचत' सर्टिफिकेटही फ्रेम करून घेतलं. भिंत बॅलन्स होईल.

९ नोव्हेंबर, रविवार

इलेक्ट्रिशियन काल येणार होता. आज सकाळी येणार होता. दुपारी फोन केला तर रस्त्यात आहे म्हणाला. कुठल्या देशाच्या रस्त्यात, देव जाणे.

त्याची वाट बघत दिवसभर घराबाहेर पडलो नाही. तसं पडायचंही कुठे होतं म्हणा. संध्याकाळी ब्रेड-अंडं. घर आज उगाचच मोठं वाटलं. फर्निचर तेवढंच आहे.

मेहुणीला फोन केला, सहज. ही आंघोळीला गेली होती. तासाने केला. अजून आंघोळीलाच.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काम झालं! फ्रेम भिंतीवर, छताला पट्टी, पट्टीवर दिवे, प्रत्येक दिवा वेगळा फिरतो. उजेड चित्रावर तिरका टाकायचा, नाहीतर काचेत आपलंच तोंड दिसतं. हे मी इलेक्ट्रिशियनला सांगितलं. (सेल्समनने मला सांगितलं होतं.)

आणि आता माझी स्वतःची कल्पना. एवढे दिवे एका वेळी, आणि बघायला समोर कुणी नाही, तर चालू कशाला? म्हणून मोशन सेन्सर. माणूस आला की लाइट लागतील, माणूस गेला की जातील. बटणच नाही. इलेक्ट्रिशियन म्हणाला, हे जिन्यात लावतात. म्हटलं, तत्त्व एकच. कमीत कमी वेळेवर सेट करायला लावला.

बिल्डिंगमध्ये मला मागून 'बटण' म्हणतात हे मला ठाऊक आहे. वापर नसेल तिथला लाइट मी बंद करतो, म्हणून. म्हणोत बापडे. बटणाने इतकी वर्षं घर चालवलं. आता बटणसुद्धा लागणार नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

एक बारीकशी अडचण.

चित्र बघायचं तर माणूस स्थिर उभा राहतो. स्थिर राहिलं की सेन्सरला वाटतं, माणूस गेला. लाइट जातात. मग हात हलवायचा. लागतात. पुन्हा बघायला लागलं की पुन्हा अंधार.

सवयीचा प्रश्न आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

खालच्या मजल्यावरचे हेडमास्तर (रिटायर्ड, तरी हेडमास्तरच) आले. ड्रिलच्या आवाजाची तक्रार घेऊन. तीन दिवस उशिरा. बहुधा वेळ जात नसावा.

हाताला धरून हॉलमध्ये नेलं. पहिला प्रेक्षक! स्वयंपाकघराच्या चित्रापुढे उभे राहिले. लाइट गेले. मी हात हलवला. ते पुढे झुकून बघत राहिले. लाइट गेले. शेवटी दोघं हात वरखाली करत चित्रं पाहत होतो. शाळेतली कवायत आठवली, म्हणाले.

वहिनी हे कधी काढायच्या, असं विचारलं. म्हटलं, सगळं आवरल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. ते म्हणाले, तिथे तो एकच बल्ब आहे ना, त्यात दिसायचं कसं? म्हटलं, मास्तर, चित्र डोक्यात असतं, बल्बमध्ये नसतं. यावर ते चहा प्यायले.

जाताना म्हणाले, या बिल्डिंगमध्ये आल्यापासून तुमच्या हॉलमध्ये एवढा उजेड पहिल्यांदा पाहिला. कौतुकच केलं. मी थांबा म्हणत होतो, आणखी एक चहा घेऊ म्हणत होतो. पण त्यांना भाजी आणायची होती.

१६ नोव्हेंबर, रविवार

सेन्सरची वेळ वाढवायला स्टुलावर चढलो. एक बारका स्क्रू आहे तो फिरवायचा. फिरवला. उलटा फिरला असावा. आता पूर्वीपेक्षाही लवकर जातात.

इलेक्ट्रिशियन फोन उचलत नाही.

संध्याकाळी लेकीचा फोन. तिने स्वतःहून केला! म्हणाली, बाबा, आई परत येतेय असं धरून चालू नका हं. मी म्हटलं, तुला लाइटचं बघायचंय का, व्हिडिओ करून पाठवतो. ती म्हणाली, बाबा. एवढंच. व्हिडिओ पाठवला. बराचसा अंधारच आला आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काल खाडा. कारण आठवत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

उपाय सापडला. अक्कल लागते.

ही चित्रं बघत असताना मी मागे उभा राहणार आणि हळूहळू हलत राहणार. खांदे, मग मान, मग एक पाय. हिला कळणारही नाही. हिला अखंड उजेड. आज खुर्चीवर हिची शाल टाकली आणि मागे उभं राहून सराव केला. छान जमतंय. शालीशी थोडं बोललोही. काय बोलायचं त्याची तयारी म्हणून.

एक प्रश्न हिला विचारणार आहे. चित्रातला तो हात लाइट लावतोय की बंद करतोय? माझ्या मते लावतोय. बोटाची ठेवणच तशी आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सगळं तयार. काचा पुसल्या. सर्टिफिकेट सरळ केलं. दाढी उद्या सकाळी. हिच्या कपाटातला एक कप्पा रिकामा करून ठेवावा म्हणून उघडलं, तर रिकामाच होता. बाकीचेही. स्वेटर तिने उन्हाळ्यातच नेलेले दिसतात. उन्हाळ्यात स्वेटर कशाला न्यायचे? विसराळू आहे.

झोप येत नाहीये. आनंदाने असं होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ

ही येऊन गेली.

क्रमाने लिहितो. मेहुणी गाडीत खालीच थांबली. ही एकटी वर आली. दार उघडून मी आधी आत पळालो, सेन्सरसाठी. सगळे लाइट एकदम लागले. ही दारातच थांबली. थक्क झाली, यात शंका नाही. पिशवी मात्र खाली ठेवली नाही.

मग एकेक चित्र. मी मागे. खांदे, मान, पाय. दुसऱ्या चित्रापाशी हिने विचारलं, पाठ दुखतेय का. नाही म्हटलं, व्यायाम. म्हणाली, अहो, फ्रेम छान केल्यात. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, खरंच छान केल्यात. दोनदा. हे रेकॉर्डवर असावं.

सोनेरी फ्रेमपाशी आली आणि वळून माझ्याकडे बघितलं. म्हणाली, हा रंग ट्राय करायचा कागद आहे. ब्रश पुसायचा. मी म्हटलं, तरीही. ती म्हणाली, तरीही काय? मी बाहीने फ्रेमची कड पुसली. सर्टिफिकेटपाशी थांबली नाही.

मग स्वयंपाकघराचं चित्र. तिथे खूप वेळ उभी राहिली. मी हलायला विसरलो. तिच्याकडे बघत होतो. केस मागून बरेच पांढरे झालेत.

लाइट गेले.

मी तसाच अंधारात विचारलं, तो हात लाइट लावतोय की बंद करतोय? ती म्हणाली, अस्संच व्हायचं. ब्रश वर उचललेला असायचा, आणि अस्संच. मग हसायला लागली. इतकी हसली, की कितीतरी वर्षांत मी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. मीही हसलो. मला फार बरं वाटलं. वाटलं, झालं, आता पिशवी खाली ठेवेल. मग तिने नाक पुसल्याचा आवाज आला. दोघंही हललो नाही.

शेवटी तीच हलली. लाइट लागले. म्हणाली, ती चित्रं न्यायला आली होती. सामान म्हणजे तेच. बहिणीकडे वरच्या खोलीत मोठी खिडकी आहे, सकाळपासून उजेड असतो, तिथे मुलांचा चित्रांचा क्लास घेते. तिथल्या भिंतीवर लावणार. लाइटची गरज नाही म्हणाली.

मी उतरवू लागलो. दुसरं काय करणार? चादरीत गुंडाळून दिली. स्वयंपाकघराचं चित्र शेवटी. ते दोघांनी दोन बाजूंनी धरलं होतं. तेव्हा मी म्हटलं, थांब ना. ती म्हणाली, अहो, नीट धरा, काच आहे.

नीट धरलं.

रंग ट्राय करायचा कागद मी मागून घेतला. ठेवा म्हणाली. म्हणजे तसं बघितलं तर हिने मला स्वतःचं एक चित्र भेट दिलं. आजवर कधी दिलं नव्हतं.

आता भिंतीवर : तो कागद, सर्टिफिकेट आणि बाकीचे खिळे. प्रत्येक खिळ्यावर त्याचा स्वतःचा लाइट. कोन अगदी बरोबर बसलेत.

हॉलमध्ये हे लिहायला बसलो, पण जमेना. लिहिणारा हात त्या सेन्सरला दिसत नाही. दर दोन ओळींनी हात वर करून सांगावं लागतं, की आहे, इथे माणूस आहे. शेवटी वही घेऊन स्वयंपाकघरात आलो. टेबलाशी बसलोय. इथलं बटण आपण लावलं की लागतं, आणि कुणी बंद करेपर्यंत चालू राहतं.

पण या बल्बमध्ये अक्षरसुद्धा धड दिसत नाही. इथे बसून हिने एवढी चित्रं काढली कशी?