टबाच्या आतला रंग

अप्पा, तुम्ही टबाच्या काठावर आरसा टेकवून दाढी करायचात आणि मी शाळेच्या गणवेशात गरम पाण्याचा तांब्या धरून शेजारी उभी राहायची. वस्तरा एका ओढीत गालावरून खाली यायचा. कधीतरी माझ्या नाकाच्या शेंड्याला साबणाचा फेस लावून म्हणायचात, "जा, शाळेत सिस्टरला सांग, मी पण दाढी करून आले." तो टब तुम्ही सरकारी बंगल्याच्या लिलावातून भालकीच्या आपल्या घरी आणलेला, बिडाचा, चार पंजांवर उभा. आजीनं पहिल्याच दिवशी निकाल दिला, "आपल्याच मळात बसून आंघुळ कराला आपण काय म्हशी हाव?" मग त्यात कुणी उतरलंच नाही. नळ आला की आई तो काठोकाठ भरून ठेवायची, आणि आमच्या घरी टब म्हणजे हौद झाला. फक्त एकदा, माझा ताप उतरेना तेव्हा, तुम्ही त्या साठवलेल्या पाण्यातच मला उतरवलंत. आई म्हणत होती, "अहो, उद्या प्यायला कुठून आणू?" तुम्ही म्हणालात, "उद्याचं उद्या. पोरगी भाजायलीय." तुमचा एक हात माझ्या मानेखाली होता. तो जरासुद्धा हलला नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी तुमच्या हनुवटीवर कापसाचे बोळे दिसू लागले. वस्तरा बोथट झालाय, म्हणालात. नवा आणला. मग तोही बोथट निघाला. शेवटी आईच तुमची दाढी करायची आणि तुम्ही डोळे मिटून बसायचात.

टब आता माझ्याकडे आहे, आळंदला, मागच्या अंगणात. नातीनं कुठंतरी फोनवर टबात खेळणारं बाळ पाहिलं आणि हट्टच धरला. सून म्हणाली, "आत्याबाई, भंगारात देऊन प्लॅस्टिकचा आणू की. कामून जीव काढायलाव?" मी म्हटलं, माझ्या अप्पांचा आहे. "तेच म्हणायले मी. अप्पा काय बघायला येणार हाईत?" म्हणाली आणि हसत हसत मला घासपेपर आणून दिला. तोंडाला फडकं बांधून, पाणी मारत मारत मी जुना रंग उतरवला. पंजांवरचा गंज तारेच्या ब्रशनं काढला, टवके उडाले होते तिथं लांबीचा लगदा भरला. बाहेरचं काम झकास झालं. आतला रंग मात्र दोन डब्यांतला एकत्र करून लावायचा असतो आणि तो लगेच घट्ट होऊ लागतो, म्हणून काठापासून तळापर्यंत एकाच ओढीत पट्टा यावा लागतो. माझा पहिलाच पट्टा नागमोडी आला. गुडघे दुखत असतील म्हणून वेताचा बुटका मोढा घेऊन बसले. दुसराही तसाच. दुसऱ्या दिवशी तो घासून काढला, नवा ब्रश आणला, आणि पुन्हा तेच. हात मांडीवर ठेवून जरा टेकले तर अंगठा आपोआप बोटावर फिरत होता, जपमाळ ओढल्यासारखा. तुमचा फिरायचा तसा.

"ब्रशच खराब हाय हो," सून म्हणाली. "दुकानवाल्यानं गंडवलं तुम्हाला. टाका तिकडं."

"व्हय," मी म्हणाले.

नात रोज विचारते, "आज्जी, पाणी कवा सोडायचं?" रंग कडक झाल्यावर, मी सांगते. काल म्हणाली, "मग तू धरशील न्हवं मला?" मी बघू म्हटलं आणि आत निघून आले. साबणानं निसरडी झालेली पोर आणि तिच्या मानेखाली माझा हात, एवढंच डोळ्यांसमोर येत राहतं. सोमवारी मी सोलापूरला जातेय, नसांच्या डॉक्टरांकडे. घरी डोळे तपासायचे म्हणून सांगितलंय. तुम्हीही एकटेच गेला होतात. येताना शेंगाचटणी आणलीत, हातपाय धुतलेत आणि जेवायला बसलात. त्या बसमध्ये तुम्ही घाबरला होतात का, अप्पा? मी फार घाबरलेय. तुम्ही कसं निभावलंत, एवढं तरी मला सांगून जायचं होतं.

हे पत्र तुमच्या आरशाच्या मागच्या पुठ्ठ्यात ठेवतेय. ज्याला सापडेल त्यानं आरसा माझ्या मुलाला द्यावा. माझं शाईपेन नातीला, आणि तिला अक्षर मोठं, गोल काढायला शिकवावं. या कागदावर वरचं "अप्पा" केवढं ठळक आलंय, आणि आता लिहितेय ते मुंग्यांएवढं, तुमच्या शेवटच्या दिवसांतल्या अक्षरासारखं. टबही नातीचाच. त्यात तिला न्हाऊ सुनेनं घालावं, मी शेजारी तांब्या घेऊन बसेन. दोन्ही ब्रश थिनरमध्ये धुऊन फळीवर ठेवलेत. तेही सुनेचे. तिनं ते टाकू नयेत. ब्रश चांगले आहेत.